डॅशबोर्डाला पडलेलं भोक

रविवार, ५ नोव्हेंबर

गाडीच्या मीटरचा लाइट गेला. सकाळीच मी स्प्रे मारून, फडकं घेऊन डॅशबोर्ड कानाकोपऱ्यातून पुसला होता. संध्याकाळी बघतो तर मीटर काळाठिक्कर. चांगल्या कामाचं फळ हे असं मिळतं.

वेळ वाईट आहे. बायको वीस तारखेपासून नव्या लॅबची प्रमुख. लॅब रक्ततपासणीची, अडतीस किलोमीटरवर. सातला हजर व्हायचं आणि पहिली बस पोचते पावणेआठला. म्हणजे गाडी. तिला लायसन्स मिळून दोन महिने झालेत. पावणेसहाला अंधारात निघावं लागणार. म्हणाली, "मला काटा दिसला नाही ना, तर पाय किती दाबायचा तेच कळत नाही हो." ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने काटा चाळिसावर ठेवायचा असं मनात भरवून दिलंय, त्यामुळे ही रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघते.

मग म्हणाली, भावाच्या गॅरेजला टाकू या. माझ्या ह्या मेहुण्याने बावीस वर्षांत आमच्याकडे बंद पडलेली प्रत्येक वस्तू चालू केली आहे आणि प्रत्येक वेळी चहा पिता पिता म्हणाला आहे, "काही नाही हो भाऊजी, जरासंच होतं." हे "जरासंच" मी आता ऐकून घेणार नाही.

संकल्प: मीटर मी काढणार, बल्ब मी बदलणार, मीच बसवणार. हातात पंधरा दिवस. लागणार चाळीस मिनिटं.

सोमवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसात व्हिडिओ पाहिला. निळे हातमोजे घातलेला एक माणूस अकरा मिनिटांत पूर्ण पॅनेल काढून दाखवतो. तीनदा पाहिला, म्हणजे तेहेतीस मिनिटं अनुभव झाला.

निळे हातमोजे आणले.

बुधवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.३०

आज काढणार. प्लास्टिकच्या पट्ट्या उचकायला खास हत्यार मिळतं, पण घरात उलथणं असताना ते विकत घेणं म्हणजे उधळपट्टी. उलथणं घेऊन जाताना बायकोने पाहिलं. काही बोलली नाही. बावीस वर्षांत तिचं न बोलणं मला वाचता येऊ लागलंय. कौतुक होतं.

रात्री ८.२०

निघालं. चाळीस मिनिटांचं दोन तास पन्नास मिनिटं झालं, पण त्यात बोटाला पट्टी बांधण्याची वीस मिनिटं धरलेली आहेत. भोवतीच्या फ्रेमला सहा खटके होते. दोन सुटले, चार तुटले. व्हिडिओवाल्याचे एकही तुटले नाहीत. त्याने आधीच तुटलेली गाडी घेतली असणार.

स्क्रू तीन आहेत असं तो म्हणाला होता. चौथा वर लपलेला असतो. तो असल्याचं, मी पॅनेल जोरात ओढल्यावर कळलं.

वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "काय हो, गाडी विकताय का सुटी सुटी?" मी हसून सोडून दिलं. विद्वानांना हातांची कामं कळत नाहीत.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पॅनेल जेवायच्या टेबलावर. मागचे चारही बल्ब काढून बॅटरीची वायर लावून तपासले. चारही पेटले. म्हणजे दोष साधा नाही, खोलवरचा आहे. मला वाटलंच होतं.

जेवताना मुलगी गाडीचं माहितीपुस्तक घेऊन बसली. कॉलेजात गेल्यापासून तिला वाचायची खोड लागली आहे. म्हणाली, "बाबा, पान सत्त्याऐंशी. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला एक छोटं चाक असतं. ते खाली फिरवलं की मीटरचा लाइट बंद होतो, वर फिरवलं की लागतो. तुम्ही रविवारी पुसताना फिरलं असेल."

मी सांगितलं, ही पुस्तकं सामान्य माणसांसाठी असतात.

बायको भाजी वाढत होती. वाढायची थांबली.

रात्री एकटा खाली जाऊन बघून आलो. चाक आहे. पूर्ण खाली फिरलेलं आहे. खड्ड्यांच्या हादऱ्याने फिरलं असावं.

आता कोणी म्हणेल, मग पॅनेल परत बसवून मोकळं व्हा. पण हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायचं हा माझा स्वभाव नाही. एवढं उघडलंच आहे तर आतून स्वच्छ करून घेऊ. बारा वर्षांची धूळ आहे. बायकोला नुसता लाइट नाही, आरशासारखं मीटर मिळेल.

शनिवार, ११ नोव्हेंबर

पुढची पारदर्शक काच (काच नव्हे, प्लास्टिक, हे आता मला पक्कं माहीत आहे) पाण्याने पुसली. डाग राहिले. मुलीच्या कपाटातून नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं. जे नखावरचा एवढा पक्का रंग काढतं ते डाग काढणारच, हा तर्क.

डाग गेले. सोबत पारदर्शकपणाही गेला. सगळीकडून पांढुरकं झालंय, मोतीबिंदू झाल्यासारखं. टूथपेस्टने घासलं. आता मोतीबिंदूला पुदिन्याचा वास येतो.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही हातमोजे घातले होते ना? मग झालं." ह्या वयात मुलांना आदराने कसं बोलावं ते कळत नाही.

तबकडीवर धूळ होती म्हणून काटे काढले. दोन चमचे दोन बाजूंनी लावून हळूच उचलायचे. वेगाचा निघाला, पेट्रोलचाही निघाला. इथे माझा हात हलका आहे हे मान्य करायला हवं. पुसून परत दाबून बसवले. नेमके कुठे होते हे आधी बघून ठेवलं नव्हतं, पण अंदाज माणसाला उगाच दिलेला नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

पॅनेल बसवलं! लाइट लागला! (चाक वर फिरवलं.) बायकोला आणि मुलीला खाली बोलावलं. हेडमास्तरही आले, येताना खुर्ची घेऊन.

गाडी जागेवर उभी. काटा वीसवर.

हेडमास्तरांनी खुर्ची पुढे ओढून काटा नीट पाहिला. मग हेडमास्तर म्हणाले, "चला, निघायच्या आधीच अर्धी मजल मारली."

मी शांतपणे समजावलं: फक्त वीस वजा करायचे. साठ दिसले की चाळीस समजायचे. बायको म्हणाली, "अंधारात, ट्रक समोरून येताना, मी वजाबाकी करू?" मी म्हटलं, लॅबची प्रमुख होणार ना, एवढी वजाबाकी यायला हवी. हे वाक्य माझ्या मनात जास्त गमतीचं होतं.

पेट्रोलचा काटा टाकी भरलेली दाखवतो. टाकीत पाव आहे. मनाला उभारी म्हणून वाईट नाही.

शिवाय बॅटरी काढून लावल्यामुळे गाडीचा रेडिओ आता कोड मागतो. तीन अंदाज चुकले. आता तो "थांबा" एवढंच म्हणतो.

बायको वर गेली. तिचं न बोलणं पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. अक्षर लागलं नाही.

संकल्प: बुधवारी काटा नीट बसवणे. शिवाय पहिला आठवडा रोज तिच्यासोबत जाणे. शेजारी बसून वजाबाकी मी करेन. हा त्याग आहे, पण मी बोलून दाखवणार नाही.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पॅनेल पुन्हा काढलं. या वेळी पस्तीस मिनिटं! (खटके दोनच उरले होते.) वेगाचा काटा दोन चमच्यांनी उचलला. काटा आला, त्याच्या खालची केसाएवढी दांडीही आली. ती यायची नसते.

व्हिडिओवाल्याला खाली प्रतिक्रियेत प्रश्न विचारला आहे. उत्तराची वाट बघतोय.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

उत्तर आलं: हसणारं तोंड. तीन.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

दांडी फेविक्विकने चिकटवली. चिकटली. सगळंच चिकटलं. काटा आता शून्यावर आहे आणि कायम तिथेच राहील. बायकोला म्हटलं, निदान चुकीचं तर काही दाखवत नाही.

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नमुने तपासले. सोमवारी पहिल्यांदा माझ्या नावाचं टेबल आहे. पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले तर त्या टेबलाला काय अर्थ राहिला?" आणि फोन घेऊन गॅलरीत गेली.

गॅलरीतून "अरे दादा" ऐकू आलं. ती भावाला फक्त अडचणीत दादा म्हणते. तो तिच्याहून चार वर्षांनी लहान आहे.

शनिवार, १८ नोव्हेंबर

मेहुणा आला. पॅनेल हातात घेतलं, उलटसुलट केलं, हुंगलं. "पुदिना का येतोय, भाऊजी?" मी विषय बदलला.

ह्या पॅनेलमध्ये आता काही राम नाही म्हणाला. जुनं दुसरं मिळेल, पण चार दिवस लागतील. मी "जरासंच"ची वाट बघत होतो. या वेळी म्हणाला नाही. तेच जास्त लागलं.

बायकोचं तोंड एवढंसं झालं. तर तो म्हणतो, "ताई, ह्या जुन्या मॉडेलला मीटर नसलं तरी इंजिनाचं काही अडत नाही. टाकी भरून घे आणि आवाजावर चालव. उद्या मी शेजारी बसतो."

आवाजावर! अशास्त्रीय माणूस.

रविवार, १९ नोव्हेंबर

दोघं बहीणभाऊ सकाळी सहाला गाडी घेऊन गेले. मीटरच्या जागी नुसतं भोक, त्यातून वायरी लोंबतायत. ते बघून तिला कसंतरी होतं, म्हणून तिने उशीच्या जुन्या अभ्र्याचा तुकडा वर टाचला.

दहाला परत आले. हिचे गाल लाल. मी विचारलं, घाबरलीस ना? म्हणाली, "पहिल्यांदा रस्ता बघितला. कितीतरी झाडं आहेत हो तिकडे."

मी उद्याची तयारी केली. पाण्याची बाटली, टॉर्च, वजाबाकीचा कागद (आता निरुपयोगी, तरी असू द्यावा). गजर सव्वापाचचा.

सोमवार, २० नोव्हेंबर. पहाटे ५.५०

गजर वाजला नाही. वाजला असावा. खाली गाडी नाही.

सकाळी ७.०५

घरच्या ग्रुपवर निरोप: "पोचले. ६.५२." मेहुण्याने अंगठा दाखवला, मुलीने सात हृदयं टाकली. मी लिहिलं, "टायरमध्ये हवा होती ना?" कोणी उत्तर दिलं नाही.

रात्री

किती वेगाने गेलीस, असं विचारलं. म्हणाली, "काय माहीत. एक दुधाचा टँकर होता पुढे. तो जाईल तशी गेले. मग तो फारच रेंगाळायला लागला, म्हणून त्याला मागे टाकलं."

दुधाच्या टँकरला! अंधारात! मीटर नसताना!

टेबलाबद्दल विचारायचं राहिलं.

बुधवार, २२ नोव्हेंबर

जुनं पॅनेल आलं. मेहुणा बसवायला येत होता. मी म्हटलं, नको, मी बसवतो. त्याने फोन स्पीकरवर ठेवून एकेक पायरी सांगितली. मी एकेक पायरी केली. एकदाही जोरात ओढलं नाही. चौथा स्क्रू आधी लावला. मधे चार वेळा "कळलं कळलं" म्हणालो, पैकी दोनदा खरंच कळलं होतं.

बसलं! लाइट लागला. उभ्या गाडीत काटा शून्यावर. पार्किंगमध्येच पुढे-मागे केली. काटा हलला, परत शून्यावर आला. पेट्रोल दाखवलं तेवढंच टाकीत. फक्त किलोमीटरचा आकडा दुसऱ्या गाडीचा आहे, त्यामुळे आमची गाडी एका संध्याकाळीत चाळीस हजार किलोमीटर म्हातारी झाली. मीही.

मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, झकास." जरासंच नाही. झकास.

बायकोला सांगितलं नाही. काम झाल्यावर मी अभ्र्याचा तुकडा पुन्हा वर टाचून ठेवला. उद्या सकाळी ती स्वतः उचलेल. अनावरण तिच्या हस्ते. मेहुण्यालाही गप्प राहायला सांगितलंय.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

काही बोलली नाही. भारावली असेल.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

काही बोलली नाही. जेवताना मी सहज म्हटलं, प्रकाश माणसाच्या आयुष्यात किती महत्त्वाचा असतो. म्हणाली, "ट्यूब उडतेय का स्वयंपाकघरातली? दादाला सांगते."

शनिवार, २५ नोव्हेंबर

शेवटी सरळ विचारलं. गाडीतला तो अभ्र्याचा तुकडा उचलून पाहिलास का?

ती सोमवारच्या ड्यूट्या लावत बसली होती. तिच्या हाताखाली आता सहा जण आहेत. मान वर न करता म्हणाली, "कशाला? खाली भोकच तर आहे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चौथा स्क्रूसुद्धा.

तिने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाली, "अय्या, छान केलंत हो." मग पुन्हा कागदाकडे वळली. "पण तो तुकडा राहू दे. काटा दिसला की माझं लक्ष रस्त्यावरून उडतं."