रिकाम्या झालेल्या जागांबद्दल

प्रिय धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. या देशात राहायचे माझे कागद पक्के आहेत, मला कोणी हात लावणार नाही. आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढं वरचंच वाचून दाखव.

तू विचारतेस, आमच्या लाँड्रीतली बिनकागदाची माणसं धरून परत पाठवली, तर त्यांच्या जागा रिकाम्या असतील, इथला राजीनामा देऊन तिकडे येऊ का? मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पण हॉटेलांच्या ओल्या चादरी दोघींनी दोन टोकं धरून इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये सोडाव्या लागतात. माझ्यासमोरचं टोक धरणारी त्या धरपकडीत गेली. "तुझं टोक कायम वाकडं," म्हणून रोज चिडवायची मला. तिच्या जागी ज्या आल्या, त्या उकाड्याने दुपारीच निघून गेल्या. रोलर थांबला, तसं घड्या घालणाऱ्यांचं काम गेलं, मग चादरी पोचवणाऱ्या गाडीवाल्याचं. तो तर जन्माने इथलाच. जाताना म्हणाला, "त्यांना माझ्यासाठीच काढलं म्हणे. मग मी का घरी चाललोय?"

माझेही कामाचे दिवस कमी झालेत, पण भागतं. रडू येतं ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, हे मला अजून प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

काल मालकाने विचारलं, "बाई, एकटीला जमेल का?" मी हो म्हणाले. चादर माझ्या पसरलेल्या हातांहून रुंद आहे, हे त्यालाही दिसत होतं.

तू राजीनामा देऊ नकोस.

तुझीच,
ताई