पेनल्टी बॉक्समधलं वाचनालय

वेस्टब्रुक, फेब्रुवारी
(गाडी सुरू होत नाही इतकी थंडी)

प्रिय टारास मामांना ऑरेस्टचा आदराने नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी बऱ्या असतीलच. आई मजेत आहे आणि रोज तुमची आठवण काढते, म्हणजे तुम्ही तिचं होलुब्चीचं, त्या कोबीच्या गुंडाळ्या शिजवायचं, मोठं पातेलं नेलंत ते परत केलं नाहीत, याची.

बाकी सगळं ठीक आहे, फक्त गाव माझ्याशी बोलत नाही. कारण वाचन. थंडी पडायच्या आधी आमच्या नगरपालिकेने ठरवलं की गावात वाचन वाढवायचं. (ठरवलं प्रांताच्या सरकारने, आम्ही माना डोलावल्या.) वाचनालयात कोणी फिरकत नाही, तेव्हा पुस्तकांनीच माणसांकडे जावं, आणि माणूस जिथे नाइलाजाने बसतो तिथे शेल्फ ठोकावं, असा ठराव नगराध्यक्ष या नात्याने मीच मांडला. न्हाव्याकडे ठोकलं, कपडे धुवायच्या दुकानात ठोकलं, ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडे ठोकलं (तिथे पुस्तकाच्या पानांना हात पुसतात). शेवटी, उत्साह अंगात मावेना म्हणून, हॉकीच्या रिंकवरच्या पेनल्टी बॉक्समध्येही एक ठोकलं. धसमुसळेपणा करणाऱ्याला त्या काचेच्या खुराड्यात दोन मिनिटं बसवतातच, तेवढ्यात चार ओळी वाचेल, एवढीच माझी माफक अपेक्षा. पुस्तकं कोणी पळवू नयेत म्हणून ती स्केटच्या नाडीने बांधूनही टाकली.

आता आपला नेस्टर. त्याचे लाड तुम्हीच केलेत, तेव्हा ऐका. बचावातला आमचा सगळ्यात भक्कम गडी, आणि पुस्तकाशी त्याचं वैर तुम्हाला माहीत आहेच. शाळेत पावलुकबाई त्याला उभं करून वाचायला लावायच्या आणि वर्ग हसायचा. (बाई आता निवृत्त होऊन वाचनालय सांभाळतात.) तेव्हापासून माझ्या या धाकट्या भावाने दुकानाची पाटीसुद्धा कोणासमोर वाचलेली नाही. तर या गड्याने नाताळच्या सुमारास त्या बॉक्समध्ये बसून एक कादंबरी उघडली. दीपस्तंभावर खून होतो म्हणे. पुढच्या सामन्यात त्याने काही कारण नसताना एकाला आडवं केलं. त्याच्या पुढच्यात दोघांना. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, गडी पेटलाय.

परवा शेजारच्या हार्लन गावाशी सामना झाला. (तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत, ही देवाची कृपा.) बरोबरी होती, खेळ संपत आलेला, आणि नेस्टर आत. त्याची वेळ संपली, दार उघडलं, पण तो बाहेर येईना. प्रशिक्षक बोंबलला, प्रेक्षक बोंबलले, मी स्वतः जाऊन काच बडवली. त्याने मान वर न करता मला तळवा दाखवला, म्हणजे एवढं पान होऊ दे. तेवढ्या पानात हार्लनने गोल केला.

तेव्हापासून कॉफीच्या दुकानात माझ्या टेबलाशी कोणी बसत नाही. गुरुवारच्या सभेत रिंकवरचं शेल्फ काढून टाकण्याचा ठराव येतोय. मतं समसमान आहेत, म्हणजे निकाल माझ्या हातात. मी नेस्टरला घरी बोलावून चांगलं झापलं. म्हटलं, एवढं वाचनालय ओस पडलंय, तिथे जाऊन वाच की.

तर म्हणाला, "तिथे पावलुकबाई बसतात. मी अडखळलो की त्यांना कळणार. रिंकवर सगळ्यांना वाटतं, बिचारा शिक्षा भोगतोय. कोणी हसत नाही रे दादा."

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गावाच्या अब्रूपुढे घरच्या भानगडी आणायच्या नसतात. शेल्फ काढलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे, आणि तसं मी लिहून नगरपालिकेच्या दारावर लावलंही आहे.

तुमचा भाचा,
ऑरेस्ट

ता. क. ते ठाम मत बुधवारपर्यंतचं आहे. गुरुवारी मी शेल्फ ठेवण्याच्या बाजूने हात वर करणार. पुढच्या निवडणुकीत पडलो तर तुमच्याकडे राहायला येईन.

आणखी एक. गुडघ्याने साथ दिली तर शनिवारच्या परतीच्या सामन्याला पंच म्हणून तुम्ही येताय असं कळलं. नेस्टर सुरुवातीलाच कोणाला तरी पाडणार, हे नक्की. तेव्हा किरकोळ चूक म्हणून दोन मिनिटांवर सोडू नका, मामा. मोठी चूक धरा, पाच मिनिटं द्या. शेवटचं प्रकरण लांब आहे, आणि तो अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतो.