शेवाळाच्या पुड्या

मंगळवार, १२ मे २००९
शेवाळ विभाग, तिसरा मजला

विटेक,

आधी ओरडणं थांबव. सकाळी जिन्यात सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, चार दिवस झाले, एक कपाट उघडवत नाही तुला?" वरचा खगोलवाला फिदीफिदी हसला. हसू दे. तू बरा आहेस ना? आईने खसखशीचा रोल पाठवलाय. तुझ्या टेबलावर ठेवलाय. आजच खा, उद्या कडक होईल.

कपाट मी शुक्रवारीच उघडलं. चारही कपाटं उपसली.

तुझा अंदाज बरोबर होता. युद्धात जर्मनांनी विद्यापीठ बंद केलं तेव्हा प्राध्यापक झारेम्बा घरात चोरून शिकवायचे, परीक्षा घ्यायचे. निकालाचे कागद सापडले असते तर मरणच. म्हणून त्यांनी त्या कागदांच्या पुड्या केल्या आणि आत शेवाळ भरलं. शेवाळाचे वाळवलेले नमुने आम्ही कागदाच्या पुडीतच ठेवतो. कुणाला संशय येणार?

गेल्या हिवाळ्यात मी पुड्या बदलल्या. अकराशे चाळीस. जुन्या कागदातलं आम्ल शेवाळाला खातं, म्हणून बदलतातच. पुडीवरचं शेवाळाचं नाव, गाव, तारीख नव्या पुडीवर उतरवायची. जुना कागद रद्दीत. सहा पोती झाली. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली.

एक तरी जुनी पुडी राहिली असेल, म्हणून शोधलं. नाही राहिली. मी काही सोडत नाही रे. तूच चिडवतोस ना, 'इंचपट्टी' म्हणून.

रविवारी तू मला लेओकाद्या आजींकडे नेलंस. झारेम्बांची विद्यार्थिनी, पण परीक्षा पास झाल्याचा कागद नाही म्हणून जन्मभर धोबीखान्यात राबलेली बाई. पुरावा मिळाला तर विद्यापीठ शरदात पदवी देणार, म्हणून पांढरा ब्लाऊज इस्त्री करून दाराला टांगलेला. तू चहा आणायला आत गेलास तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "पोरी, मी पास झाले होते ना गं? आता माझी मलाच खात्री वाटेना."

मी म्हटलं, "शोधतेय, आजी."

विटेक, एक पुडी मी उलगडून वाचली होती. तेव्हाच, हिवाळ्यात. आतल्या बाजूला लिहिलं होतं, लेओकाद्या, वनस्पतिशास्त्र, उत्तम. खाली झारेम्बांची सही. आडनावावर डाग होता की मी पाहिलंच नाही, आठवत नाही. तू एक मजला खाली, इतिहास विभागात बसतोस. हाक मारली असती तर ऐकली असतीस. पण ते शेवाळाचं नाव नव्हतं. म्हणून मी ते उतरवलं नाही.

'उत्तम' एवढं त्यांना सांग. माझ्या शब्दावर पदवी मिळणार नाही, मी विचारून आलेय. सांगायला मी जायला हवं, तेही कळतं. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परतले.

किल्ल्या रोलच्या ताटलीखाली आहेत. राजीनामा खाली कार्यालयात दिलाय. तुझं व्याख्यान पाचला सुटेल. माझी बस चार दहाची आहे.

तुझी इंचपट्टी,
मेलान्या