सोप्यातला गालिचा

६ जानेवारी, मंगळवार
न्हाई म्हणजे न्हाई! आत्याबाई सोप्यातून हलायच्या न्हाईत.
सकाळी धाकट्या दिरांचा, कुमारभावजींचा पुण्याहून फोन. दिवाळीत त्यांनीच आणलेला गालिचा — परवा येऊन गेले तेव्हा त्यावर तेलाचा डाग दिसला. "वहिनी, आईचं मालिश मागच्या खोलीत करत जा ना. तिथंच झोपवा तिला. गालिच्यावर डाग तरी पडणार नाहीत."
मागची खोली! भाताची पोती, उंदीर, अंधार. फरशी गार म्हणून मी त्यांना गालिच्यावर बसवून चोळते, एवढाच गुन्हा. लकव्यानं आत्याबाईंची, माझ्या सासूची, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळे तर न्हाई ना गेले? सोपा पुढच्या दारालगत, ऊन येतं. एसटीला निघालेलं माणूस दारात थांबतं, "काय सगुणाबाई, बरं हाय का?" म्हणतं. त्या डावा हात वर करतात. ते मी बंद करू?
ह्यांना विचारलं. "धाकट्याशी वाद नको गं." झालं!
डागाचंच निमित्त ना? मग डागच ठेवत न्हाई.

७ जानेवारी
गरम पाणी, कपड्याचा साबण, ब्रश. खसाखसा घासलं. डाग भाकरीएवढा होता, परातीएवढा झाला! रडले. मग स्वतःलाच शिव्या घातल्या.

८ जानेवारी
शेजारच्या चंद्राकाकू बघून गेल्या. "घासू नगं बाई, पसरतंय. आदी तेल वर वढून घे." ज्वारीचं पीठ दाबून ठेवलं. संध्याकाळी झाडलं तर पीठ पिवळं, चिकट. परत टाकलं.
आत्याबाई खाटेवरून बघत होत्या. तोंडाच्या एका कोपऱ्यातनं हसल्या!

१० जानेवारी
भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी, जुन्या धोतराचा तुकडा. कडेकडून आत टिपत गेले. टिपायचं, पिळायचं, परत टिपायचं. कंबरेचा पार काटा ढिला झाला. अंगणात वाळवला.
गेला! शोधून सापडत न्हाई. या आता, भावजी!

११ जानेवारी, रविवार
आले. गालिच्यावरून हात फिरवला. "कमाल केलीत वहिनी! अगदी नव्यासारखा. आता आईला मागं नेऊ, म्हणजे असाच राहील."
डाग होता तेव्हा डागापायी — आता स्वच्छ झालाय म्हणून!
"तुमचा गालिचा गुंडाळा आन् पुण्याला न्या," मी म्हणाले. "आत्याबाई हितंच राहतील." ह्यांच्यासमोर बोलले. हे जमिनीकडं बघत बसले.
भावजींचा चेहरा लाल. "घर माझंही आहे. उद्या निघायच्या आधी मीच खाट आत टाकतो."
टाकू देत. मी परत बाहेर आणीन. रोज आणीन!

१२ जानेवारी
भावजी खाट उचलायला वाकले. आत्याबाई गालिच्यावर बसलेल्या, मांडीशी तेलाची वाटी. त्यांनी मुलाकडं बघितलं आणि वाटी ढकलून दिली. सगळं तेल मधोमध.
वाटी उजव्या हातानं ढकलली होती.