उमेशदादाचं पार्श्वसंगीत

१२ एप्रिल, जव्हार
बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशननंतर कोणाकडे राहायचं ते अखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सांगणार, भावकी जमेल तेव्हा. उमेशदादा आत्तापासूनच ठरल्यासारखा वागतोय. थोरला आहे, गावी दाभोशात त्यांच्याजवळ राहतो, जीप चालवतो. एवढंच भांडवल. मी सीनिअर क्लार्क, जव्हारला फ्लॅट, संडास घरात. तुलनाच नाही. पण आमच्या लोकांच्या डोळ्यांत अंजन घातल्याशिवाय त्यांना दिसत नाही.
संकल्प: बाबांवर फिल्म काढणार. अखातीला सगळ्यांसमोर लावणार. कोण कसा आहे ते दिसू दे.

१५ एप्रिल
यूट्यूबवर एकजण शिकवतो. म्हणतो, चित्र डोळा बघतो, पण अर्थ कान लावतो. प्रयोग केला. उमेशदादाचा लग्नातला हसरा शॉट. खाली सनई टाकली तर देवमाणूस. सनई काढून घूंऽऽ असा जड आवाज टाकला तर पक्का डांबरट. चेहरा तोच. ऑफिसातल्या तुकाला दाखवलं. त्याने विचारलं, यानं कुणाची जमीन खाल्ली का. मी लगेच घूंऽऽ पक्का केला.

१९ एप्रिल, दाभोसा
शूटिंग. एकालाही अक्कल नाही. कमूवहिनी सूप घेऊन सारखी फ्रेममधून जाते. उमेशदादा बाबांचा हात सोडेना. बाजूला हो म्हटलं तर म्हणे पडतील. कॅमेरा दिसला की पुळका येतो माणसाला. शॉट घेतला, खाली काय टाकायचं ते मी ठरवीन.
मी आलोय हे बाबांना कळू दिलं नाही. नाहीतर चालायचं सोडून माझ्याकडेच वळले असते, शॉटची वाट. सूचना शुद्ध भाषेत, ऑफिसातल्यासारख्या चढ्या आवाजात दिल्या, कामात घरगुतीपणा नको. बाबांना पुन्हा पुन्हा चालवलं. थकले. कलेसाठी थोडं सोसावं लागतं.
शेवटी माझा शॉट: डोंगराकडे बघतोय, विचारात.
बाबांशी बोलायला वेळ मिळाला नाही.

२३ एप्रिल
एडिटिंग. लोकांचं मूळ बोलणं सगळं म्यूट. कोंबड्या, सूप, वहिनीची बडबड, नुसता कचरा. उमेशदादा आला की ढोल आणि घूंऽऽ. मी आलो की संथ, हळवी बासरी.
वर्षा म्हणाली, बाबांना दिसत नाही, फिल्म कुणासाठी काढताय. बायकोला कला कळत नाही. दिसत नाही म्हणूनच तर. कान शाबूत आहेत, निवाडा कानांनीच करतील.
दहावीला शाळेत पहिला आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, जा, उमेशला सांग. पाठीवर हातसुद्धा नाही. अजून लागतं ते. यंदा म्हणतील काहीतरी.

३० एप्रिल, अखाती, दाभोसा
दुपारी पडवीत टीव्हीला जोडली. सगळी भावकी हजर.
लोक नालायक आहेत. उमेशदादा जीपमधून उतरला, ढोल वाजला, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. ढवळूकाका म्हणाले, उमेश हिरो दिसतं हिरो. दुसऱ्यांदा ढोल वाजला तेव्हा टाळ्या. गाढवाला गुळाची चव काय.
माझी बासरी सुरू झाली तसे बाबा शेजारी चाचपडत विचारायला लागले, कोन गेला रं? परत बासरी, परत तेच. लाडकीआत्याने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्या शेजारी चांगला जिवंत बसलो होतो.
संपल्यावर बाबा म्हणाले, हेमंतानं पिच्चर बरा केला, पन त्यात मानसांचा आवाज कुठं हाय? राहण्याचं उद्या सांगतो म्हणाले. उमेशदादाने कान भरले असणार, दुसरं काय.
वर्षा नि मी मुक्काम करतो. उद्या स्पष्टच विचारणार.

१ मे, दाभोसा
सकाळी वर्षाने माझ्या मोबाइलमधलं मूळ शूटिंग आवाजासकट बाबांना लावून दिलं. मला न विचारता. मी आंघोळीहून आलो तर पडवीत सगळे बसलेले आणि बाबा मोबाइल कानाशी धरून ऐकतायत. कोंबड्यांना हसले. सूप वाजलं तर म्हणाले, ही कमू. मोबाइलमध्ये उमेशदादा म्हणत होता, बाबा, पायरी हाय, जपून. आणि मधे मधे एक आवाज: बाजूला व्हा. पुन्हा चला. अहो, खाली बघू नका, किती वेळा सांगायचं, कळत नाही का?
बाबांनी विचारलं, त्या दिशी हा साहेब हेमंतानं कुठून धाडलता? लय खेकसतं. त्याला चा तरी दिला ना?
वर्षा माझ्याकडे बघत होती. उमेशदादा म्हणाला, दिला बाबा.
मग बाबा म्हणाले, अशा साहेबांत दिवस काढतो, पन माझा हेमंत कधी कुनावर असा खेकसायचा नाय. रात्री मी ठरवलं, आपरेशन झालं का त्याच्याकडंच जायाचं. चांगला पोरगा हाय माझा.
सगळ्यांसमोर म्हणाले.
नंतर मान इकडेतिकडे वळवत त्यांनी विचारलं, हेमंता, येऊ ना रं तुझ्याकडं?
मी पुढ्यातच उभा होतो, हातात ओला टॉवेल. हो, एवढंच म्हणायचं होतं. पण बोललो असतो तर त्यांनी त्या साहेबाचा आवाज ओळखला असता.
बाबा वाट बघत राहिले. शेवटी उमेशदादा म्हणाला, तो भायेर गेलाय बाबा. तुमी आपलं इथंच राहा.