वर फेकलेला खडू

बाबा, शाळेत तुम्हाला सर म्हणायचं हा तुमचा नियम मी लाखनीच्या शाळेत शेवटपर्यंत पाळला. दहावीचं बोर्ड तेव्हा नवंनवंच होतं. तुम्ही खडू सरळ वर फेकलात, झेललात आणि वर्गाला सांगितलंत की अगदी वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य, त्वरणही शून्य. मी उभी राहिले. "सर, त्वरण शून्य झालं तर खडू तिथंच लटकून राहील ना?" पोरं खिदळली. तुम्ही म्हणालात, "बापाले शिकवून राहिली का? बस खाली." म्हणजे नियम फक्त माझ्यासाठीच होता.

संध्याकाळी चुलीपाशी बसून तुम्ही लिंबू वर उडवत होता, झेलत होता, पुन्हा उडवत होता. आई वैतागली. "लिंबू कायले खेळवून राहिले? वरणात पिळाचं हाय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि लिंबू तिच्या हातात दिलंत. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही जेवलात आणि झोपायला गेलात. दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन मामाच्या लग्नाला बपेऱ्याला गेली. शाळा बुडते म्हणून तुम्ही मागे राहिलात.

पूर्वपरीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. वर्गात तुमची मान खाली जाऊ नये म्हणून मी तुमचंच उत्तर लिहिलं, शून्य. तुम्ही त्यावर लाल फुली मारलीत. बाकावरची मैत्रीण बघतच राहिली. "तू लग्नाले गेली तवाच सरनं सांगतलं ना, लटकून राहीन म्हणून. तूच तं म्हणत होती!" माझं वाक्य तुम्ही अख्ख्या वर्गाला दिलंत. घरी मात्र एका चुलीवरचं जेवूनही मला अवाक्षर नाही. उन्हाळ्यात मी सायन्सचं नाव काढलं, तर म्हणालात, "एवढं सोपं चुकते, सायन्सले जाऊन काय करशीन?" मी आर्ट्सला गेले, तिथून सासरी. तुम्ही चुकलात, ते मी केव्हाच सोडून दिलं. त्या फुलीचा राग मात्र तुम्ही गेल्यावरही गेला नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? परवा नातीनं चेंडू वर फेकून मला हाच प्रश्न विचारला. खरं उत्तर मला तुमच्याआधीपासून ठाऊक आहे. तरी तोंडून आधी तुमचंच निघालं.