हानबाईंना धाडलेली समई

॥ श्री ॥
कुंभकोणम्, ता. ६ जानेवारी २०२५

चि. जननीस आज्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

येथे सर्व क्षेम. हे पत्र नेहमीसारखे मी हाताने लिहितो आणि तुझी राजेश्वरी काकी फोनवर फोटो काढून धाडते. फोटोत अक्षर वाकडे दिसले तर दोष तिचा.

तुझ्या न्यायाधीश ओक्सुन हान यांची हकीकत वाचून डोळ्यांपुढून हलेना. सात वर्षांची पोर आईचे बोट धरून कोरियातून अमेरिकेत येते काय, लाँड्रीच्या वाफेत बसून पुस्तके वाचते काय, आणि इंग्रजी न येणाऱ्या आईची दुभाषी होऊन ऑफिसांतून, कोर्टांतून फिरते काय! आईचा शब्द न् शब्द जसाच्या तसा सांगायची, कमी नाही, जास्त नाही. पुढे वकील झाली, न्यायाधीशाच्या निवडणुकीत पडली, पुन्हा उभी राहिली आणि निवडून आली. मी अजून शाळेत शिकवत असतो तर या बाईंवर आर्या रचून मुलांकडून तालात म्हणून घेतल्या असत्या. काकी म्हणते की मामंजी या वयात कोरियन बाईच्या प्रेमात पडले. पडलो असेन.

आता गंमत ऐक. घरचे मूल ज्यांच्यापुढे पहिले मोठे काम करते, त्यांच्याकडे घरून काही तरी जावे हा आपला रिवाज. तुझ्या बाबाच्या वेळी हेडमास्तरांकडे केळीचा घड गेला होता. तुझी पहिली मोठी केस हानबाईंपुढे. म्हणून नाचियार्कोविलला जाऊन पितळी समई घेतली आणि डिसेंबरातच थेट कोर्टाच्या पत्त्यावर धाडली. सोबत दोन ओळींची चिठ्ठी. पत्ता काकीच्या कार्तिकने शोधला. तुला चकित करायचे म्हणून आजवर बोललो नाही.

तुझ्या त्या अशील रोसाबाईंचे आणि लेकरांचे घर राहो. प्रकृतीस जपावे, आणि आज्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा आजा,
अप्पाराव

॥ श्री ॥
कॅलिफोर्निया, ता. १५ जानेवारी २०२५

ती. आज्यास जननीचा शि. सा. न. वि. वि.

चकित झाले, आजा. भर कोर्टात झाले. तुमचे पत्र आले तेव्हा मी केसच्या तयारीत बुडालेली. शांतपणे वाचायचे म्हणून ठेवून दिले, ही माझी चूक.

काल सुनावणी सुरू होण्याआधी हानबाईंनी दोन्ही वकिलांना उभे केले. समईचा खोका टेबलावर ठेवला आणि तुमची चिठ्ठी मोठ्याने वाचली, की माझी नात आपल्यापुढे उभी राहील, तिच्यावर मायेची नजर असावी. मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. इथे केस चालू असताना न्यायाधीशाला फूलसुद्धा धाडता येत नाही. घरमालकाचा वकील म्हणाला की हा नातीचाच डाव आहे.

आता दोन गोष्टी टांगणीला आहेत. मला हे आधी ठाऊक होते असे ठरले तर गेल्याच वर्षी मिळालेली सनद जाईल. आणि हानबाई केसवरून बाजूला झाल्या तर सगळे दुसऱ्या न्यायाधीशापुढे पहिल्यापासून मांडायचे. रोसाला घराबाहेर काढायला जी मनाई आहे, ती या महिन्याअखेरीस संपते. छताची गळती दुरुस्त करा म्हणून तिने तक्रार केली, एवढाच तिचा गुन्हा.

हानबाईंचा हुकूम असा, की समई धाडणाऱ्याने शपथेवर लिहून द्यावे: कोणाला ठाऊक होते, आणि मनात काय होते. मुदत २४ तारखेपर्यंत.

काल रडले. आज रडत नाही, आणि ही केस सोडणारही नाही. खरे असेल ते सगळे लिहा. कविता मात्र नको. हानबाईंचे तुमच्यावर प्रेम नाही, एवढे काकीला सांगा.

रागातही लोभ आहे, तिकडूनही असू द्यावा.

तुमची,
जननी

॥ श्री ॥
कुंभकोणम्, ता. २० जानेवारी २०२५

चि. जननीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र वाचून पोंगलची गोडी तोंडातच आंबली. पण बसून राहिलो नाही. आपल्या गल्लीतला व्यंकटरमण, जन्मभर तंजावरच्या कोर्टात वकिली केलेला, त्याच्याकडे गेलो. मी सुरुवातीस चार ओळी वृत्तात लिहिल्या होत्या. त्या त्याने न वाचताच खोडल्या. इथवर ठीक होते.

मग तो म्हणाला की अप्पाराव, एवढेच लिही: हा आमच्या घरचा रिवाज, नातीला ठाऊक नव्हते, मनात दुसरे काही नव्हते. म्हणजे नातीची सनद वाचेल, हानबाई केसवर राहतील, त्या बाईचे घरही राहील. सगळे नीट.

मी पेन खाली ठेवले. मनात दुसरे होते, जननी. समई कापडात गुंडाळताना मी म्हटले होते की बाई ही पेटवतील तेव्हा त्यांना माझी पोर आठवेल, आणि तिचे पारडे थोडे झुकेल. हे मी रिवाजाच्या पदराखाली कसे लपवू? व्यंकटरमण चिडला. म्हणाला की तू पुण्य मिळवशील आणि ती बाई लेकरांसह रस्त्यावर येईल. हे वाक्य लागले. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. पण ज्या बाईंनी लहानपणी आईचे बोलणे कधी फिरवून सांगितले नाही, त्यांच्यापुढे मी माझेच बोलणे फिरवून सांगू?

सगळे लिहिले. नोटरीपुढे सही केली, कार्तिकने आजच धाडले. व्यंकटरमण माझ्याशी बोलत नाही, पण नोटरीकडे रिक्षाने घेऊन तोच गेला.

रोसाबाईंना माझ्याबद्दल काय सांगशील ते कळव. त्यांच्या लेकरांची नावेही मला ठाऊक नाहीत.

आता तूच उभी राहा. आशीर्वाद आहेत, ते कोर्टातून परत येत नाहीत.

तुझा आजा,
अप्पाराव

॥ श्री ॥
कॅलिफोर्निया, ता. ८ फेब्रुवारी २०२५

ती. आज्यास शि. सा. न. वि. वि.

हानबाई केसवरून बाजूला झाल्या. तुमचे प्रतिज्ञापत्र त्यांनी सावकाश वाचले. म्हणाल्या की ज्याने स्वतःविरुद्ध इतके लिहिले, त्याचे नातीविषयीचे म्हणणेही मी खरे मानते. माझ्यावर ठपका नाही. पण पुढे म्हणाल्या की पारडे झुकावे ही इच्छा लिहून आली आहे, तेव्हा मला इथे बसता येत नाही.

मग त्यांनी एक सांगितले, ते तुम्हांला कळवलेच पाहिजे. त्यांच्या आईचीही अशीच घराची केस होती. आईने आपल्या रिवाजाने न्यायाधीशांकडे नाशपात्यांची पेटी नेली. कारकुनाने ती दारातूनच परत दिली, का ते सांगितले नाही. आई केस हरली, आणि नाशपात्या कमी प्रतीच्या होत्या म्हणून हरलो, असे मरेपर्यंत समजत राहिली. म्हणून हानबाईंनी भेट का परत जाते याचे एकेक कारण सांगितले, आणि कारकुनाला म्हणाल्या की हे सगळे कुंभकोणम्‌च्या गृहस्थांना लिहून धाडा, त्यांना अपमान वाटता कामा नये. समई त्या पत्रासह निघाली आहे.

त्यांनी जाताना मनाई थोडी वाढवली. नवे न्यायाधीश कागदातून मान वर न करणारे. मी आणि रोसाने गळक्या छताचे फोटो, तक्रारीच्या तारखा, लगेच मागून आलेली नोटीस, सगळे पुन्हा ओळीने लावले. काल निकाल लागला. नोटीस सूडाने दिली होती, ती रद्द. रोसा घरातच राहणार.

तुमच्याविषयी तिला सगळे सांगितले. ती म्हणाली की तुझ्या आज्यावर मी फार रागावले होते, अजून थोडी आहे. मुलांची नावे मातेओ आणि लूस.

एक विनंती नाही, हुकूम: हानबाई न्यायासनावर आहेत तोवर त्यांना एक ओळही लिहायची नाही. आभाराचीही नाही. लोभ मात्र माझ्यावर लिहून लिहून वाढवावा.

तुमची,
जननी

॥ श्री ॥
कुंभकोणम्, ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. जननीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र काकीने वाचून दाखवले, कारण नाशपात्यांपाशी आल्यावर मला दिसेना. व्यंकटरमणकडे जाऊन निकाल सांगितला. तो म्हणाला की केस कच्ची असती तर माझेच खरे ठरले असते. मग त्याने दोघांना गरम कापी मागवली.

रोसाबाईंना म्हणावे, राग हवा तितके दिवस ठेवा. मातेओ आणि लूस यांना आशीर्वाद.

तुझा हुकूम मान्य. आयुष्यभर ज्याला त्याला पत्रे लिहिली आणि ज्यांना लिहावेसे सर्वांत जास्त वाटते त्यांनाच लिहायचे नाही, हे कठीण आहे, पण पाळीन. व्यंकटरमण सांगतो की त्या निवृत्त झाल्यावर हरकत नाही. कार्तिक म्हणतो, त्यांना अजून दहा वर्षे सहज आहेत. म्हणजे मी एकोणनव्वदीचा.

तेव्हा आजपासून कापीत साखर बंद केली आहे, आणि सकाळी महामहम् तलावाला फेरी सुरू. काकी हसते. हसू दे. मला थांबायचे आहे.

तोवरची सगळी पत्रे तुलाच. कंटाळू नये.

तुझा आजा,
अप्पाराव